दुसरी सही

सत्यम कॉम्प्युटर्सच्या ताळेबंदात दाखवलेले ५,०४० कोटी रुपये बँकेत नव्हतेच, हे आता सगळ्यांना माहीत आहे. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं कबुलीचं पत्र बाहेर आलं आणि तेव्हापासून त्या कंपनीचं नाव घोटाळ्याचंच नाव झालं. पण त्या प्रकरणातल्या एका गोष्टीबद्दल आमच्या व्यवसायातले लोकही फारसं बोलत नाहीत. सत्यम न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातही नोंदलेली होती, म्हणून अमेरिकेच्या २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सले कायद्याचं कलम ४०४ तिला लागू होतं. या कलमाखाली ऑडिटरनं नुसत्या हिशेबांवर मत देऊन भागत नाही. हे हिशेब ज्या व्यवस्थेतून तयार होतात, त्या व्यवस्थेतली नियंत्रणं खरोखर काम करतात का, यावरही त्याला वेगळं मत द्यावं लागतं. मार्च २००८ ला संपलेल्या वर्षासाठी सत्यमच्या ऑडिटरनं ते मत दिलं होतं. नियंत्रणं परिणामकारक आहेत, असं.

त्यानंतर दहा महिनेही गेले नाहीत आणि कंपनीच्या अध्यक्षानंच लिहून दिलं की सप्टेंबर २००८ च्या तिमाहीची विक्री २,७०० कोटी दाखवली, ती प्रत्यक्षात २,११२ कोटी होती. कामकाजातला नफा ६४९ कोटी दाखवला, तो ६१ कोटी होता.

मी सीए आहे आणि कंपन्यांच्या नियंत्रणांचं ऑडिट हे माझं रोजचं काम आहे. हे ऑडिट म्हणजे खर्चिक कागदी कवायत आहे, ते बंद करावं किंवा निदान कमी करावं, असं उद्योजकांच्या बैठकांत वारंवार ऐकायला मिळतं, आणि सत्यमचा दाखला त्यांच्या बाजूनं देता येतो हे मला कळतं. माझं म्हणणं मात्र वेगळं आहे. हे ऑडिट कमी करायचं नाही, ते वर न्यायचं आहे. आज आपण कारकुनाची सही तपासतो. ती सही ओलांडून जाण्याची ताकद ज्याच्या हातात आहे, त्याला तपासत नाही, आणि जे तपासलं त्यातलं जवळपास काहीच भागधारकाला सांगत नाही.

नियंत्रण हा शब्द जड वाटतो, पण ती गोष्ट आपल्या प्रत्येक हाउसिंग सोसायटीत असते. सोसायटीच्या चेकवर एकाची सही चालत नाही, दोघांच्या लागतात. कारण साधं आहे, पैसा सगळ्यांचा आहे. पण खजिनदार महिनाभर गावी जायचा असतो. दुरुस्तीचं बिल येणार, लाइटचं बिल येणार, कामं अडायला नकोत म्हणून तो दहा कोऱ्या चेकवर सह्या करून चेकबुक सेक्रेटरीच्या हातात देतो. त्यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. बँकेला चेकवर दोन सह्या दिसतात. वर्षअखेरीस ऑडिटर येतो, त्यालाही प्रत्येक चेकवर दोन सह्या दिसतात. तो 'दोन सह्यांची पद्धत पाळली जाते' असं लिहितो आणि त्याचं वाक्य कागदापुरतं खरंही असतं. दुसरी सही मात्र गेला महिनाभर नव्हतीच. पहिल्या माणसाला 'थांब, हे काय आहे?' असं विचारणारं कोणी नव्हतं. सही हवी असते ती या प्रश्नासाठी.

सत्यममध्ये हाच प्रकार हजारो पटींनी झाला. तपासात सहा हजारांहून जास्त बनावट बिलं सापडली. ती एखाद्या कपाटात लपवलेली नव्हती, कंपनीच्या रीतसर बिलिंग प्रणालीतच होती. त्या प्रणालीत 'सुपर यूजर' नावाचा एक अधिकार ठेवलेला होता. त्या वाटेनं आत घातलेलं बिल विक्रीच्या आकड्यात धरलं जाई, पण ज्या विभागानं ते काम केलं असायला हवं, त्या विभागाच्या लोकांना ते पडद्यावर दिसतच नसे. प्रत्येक बिलाला 'दाखवा' किंवा 'लपवा' अशी खूण देता येत होती. आता कल्पना करा, नियंत्रणं तपासायला आलेली ऑडिटची टीम बिलिंगच्या विभागात बसली आहे. कराराशिवाय बिल निघतं का, तासांची नोंद जुळते का, वरिष्ठाची मंजुरी आहे का, हे ती पंचवीस-तीस बिलांवर तपासते. जी बिलं विभागांच्या नेहमीच्या वाटेनं निघाली, त्यांच्यावर हे सगळे सोपस्कार होणारच. एकेका बिलापुढे टिक पडणारच. मुख्य दरवाजाला भक्कम कुलूप होतं. शेजारी आणखी एक दरवाजा आहे का, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, हा प्रश्न विचारायचा होता.

दुसरी चूक तर याहून साधी होती. बँकेत किती शिल्लक आहे याचा दाखला ऑडिटरनं थेट बँकेकडून मागवायचा असतो. पत्र ऑडिटरनं स्वतः पाठवायचं आणि उत्तर त्याच्याच पत्त्यावर यायचं. मध्ये कंपनीचा हात लागायला नको, इतकंच त्यातलं शास्त्र. आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीच्या, पहिल्या वर्षात हे शिकवतात. अमेरिकेच्या नियामकांनी एप्रिल २०११ मध्ये सत्यमच्या ऑडिटर संस्थेवर कारवाई केली, ती याच मुद्द्यावर. बँकांच्या दाखल्यांची ने-आण त्यांनी स्वतःच्या ताब्यात ठेवली नव्हती, ती कंपनीवर सोडली होती. तिथल्या शेअर बाजारांवर नजर ठेवणाऱ्या सेकनं ६० लाख डॉलर आणि ऑडिटरांवर नजर ठेवणाऱ्या पीसीएओबीनं १५ लाख डॉलर दंड केला. ज्याची तपासणी करायची त्याच्याच हातून पुरावा घेतला, की दुसरी सही कोरी झाली.

हा झाला मोठ्यांचा इतिहास. आता माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं सांगते, कारण ते रोज घडतं आणि त्याची बातमी होत नाही. मी नवी असताना पुण्याजवळच्या एका कारखान्यात आम्ही नियंत्रणांची तपासणी करत होतो. कंपनीचं नाव घेत नाही. पुरवठादाराला पैसे देताना एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं ती मंजूर करायची, अशी मेकर-चेकर पद्धत तिथे होती. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहारासमोर दोन वेगवेगळी नावं दिसत होती. आमचा नमुना स्वच्छ होता. तिसऱ्या दिवशी मी अकाउंट्सच्या मुलीशेजारी बसून काम कसं चालतं ते बघत होते, तर तिच्या मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर साहेबांचा पासवर्ड. साहेब दिवसभर प्लांटवर असतात, दुपारी चारच्या आत पेमेंट सोडावं लागतं, म्हणून तीच आधी स्वतःच्या नावानं नोंद करायची आणि मग साहेबांच्या नावानं मंजूर करायची. तिनं एक रुपयाही खाल्ला नव्हता. मी विचारलं तेव्हा तिनं हे सगळं मोकळेपणानं सांगितलं, कारण त्यात काही गैर आहे असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

ही गोष्ट फेब्रुवारीतली. मी ती फाईलमध्ये लिहिली. कंपनीच्या व्यवस्थापनाला कळवलं, पासवर्ड बदलले, चिठ्ठी गेली, मार्चमध्ये साहेब स्वतः मंजुरी देऊ लागले. आम्ही मार्चचे व्यवहार पुन्हा तपासले, ठीक निघाले. आणि अहवालात गेलं की ३१ मार्च रोजी कंपनीची नियंत्रणं पुरेशी होती आणि परिणामकारक रीतीनं काम करत होती.

ते वाक्य खोटं नव्हतं. नियमाप्रमाणे नियंत्रणांवरचं मत हे ताळेबंदाच्या तारखेचं मत असतं. ३१ मार्चला काय स्थिती आहे तेवढंच सांगायचं. आधीचे दहा-अकरा महिने एकच माणूस दोन्ही सह्या करत होता, ही गोष्ट कंपनीला माहीत होती, आम्हाला माहीत होती, आणि जिच्या पैशांवर कंपनी चालत होती त्या बँकेला किंवा भागधारकांना ती कधीच कळली नाही. हिशेबाच्या ऑडिटमध्ये आम्ही त्या महिन्यांचे व्यवहार अधिक बारकाईनं तपासले, हे खरं. पण अहवाल वाचणाऱ्यासाठी ते वर्ष निष्कलंक होतं. मला ही तरतूद मुळातच चुकीची वाटते. दुरुस्ती झाली ही चांगली गोष्ट आहे, म्हणून बिघाड लपवण्याचं कारण काय? अमेरिकेत नोंदलेल्या तिथल्या कंपन्यांना एखाद्या तिमाहीत नियंत्रणांमध्ये मोठा बदल केला तर तो जाहीर करावा लागतो. आपल्याकडे निदान वर्षातून एकदा, 'या वर्षात अमुक नियंत्रण इतके महिने चालत नव्हतं, अमुक महिन्यात ते दुरुस्त केलं' एवढं लिहिण्याची सक्ती हवी. त्यानं कोणाची बदनामी होत नाही. ज्या कंपनीनं स्वतःहून बिघाड शोधून दुरुस्त केला, तिच्यावर माझा विश्वास उलट वाढेल.

आपल्या कायद्यात हे ऑडिट आलं ते २०१३ च्या कंपनी कायद्यानं. कलम १३४ खाली शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या संचालकांनी सांगायचं की नियंत्रणं आखली आहेत आणि ती चालतात, आणि कलम १४३ खाली ऑडिटरनं त्यावर आपलं मत द्यायचं. १ एप्रिल २०१५ पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी ते बंधनकारक झालं. अमेरिकेत ही सक्ती शेअर बाजारातल्या कंपन्यांपुरती होती, आपण ती खासगी कंपन्यांनाही लावली, आणि दोन वर्षांत ओरड झाली. मग १३ जून २०१७ च्या अधिसूचनेनं एकल व्यक्ती कंपन्या आणि लहान कंपन्यांना सूट मिळाली. ज्या खासगी कंपनीची उलाढाल ५० कोटींच्या खाली आणि कर्जं २५ कोटींच्या खाली, तिलाही सूट मिळाली.

या सुटीच्या बाजूनं दिला जाणारा युक्तिवाद मला अर्धा पटतो. लहान कंपनीत मालक स्वतः गल्ल्यावर असतो, तो प्रत्येक पुरवठादाराला ओळखतो, त्याची नजर हेच नियंत्रण. पैसा त्याचा स्वतःचा असेल तर हे अगदी खरं आहे, आणि तिथे माझ्यासारखीनं जाऊन चौकटींत टिक मारायची गरज नाही. पण त्याच कंपनीत बँकेचे चोवीस कोटी असतील तर? ते चोवीस कोटी कुठल्यातरी शाखेतल्या ठेवीदारांचे आहेत. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर मालकाची नजर हे नियंत्रण उरत नाही, कारण साठा फुगवून दाखवायचा की नाही, येणी जुनी असताना ताजी दाखवायची की नाही, हे ठरवणारा तोच आहे. सुटीची रेषा उलाढालीवर आखण्यापेक्षा दुसऱ्याचा पैसा किती आहे यावर आखावी आणि ती २५ कोटींच्या बरीच खाली आणावी, असं माझं मत आहे.

आणि जिथे दुसऱ्याचाच पैसा सगळ्यात जास्त, तिथे ही तरतूद कित्येक वर्षं नव्हतीच. पंजाब नॅशनल बँक ही कंपनी कायद्याखालची कंपनी नाही, ती राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याखालची बँक आहे. त्यामुळे नियंत्रणांवर ऑडिटरचं जाहीर मत देण्याचं कलम तिला लागू नव्हतं. बँकांचे ऑडिटर एक सविस्तर वेगळा अहवाल देतात, त्यात नियंत्रणांबद्दल बरंच असतं, पण तो व्यवस्थापनाकडे आणि रिझर्व्ह बँकेकडे जातो, लोकांपर्यंत येत नाही. फोर्टमधल्या ब्रॅडी हाउस शाखेतून वर्षानुवर्षं हमीपत्रं निघत होती. बँकेनं परदेशातल्या दुसऱ्या बँकांना स्विफ्टच्या संदेशावर कळवायचं की या ग्राहकाला कर्ज द्या, जबाबदारी आमची. स्विफ्ट ही संदेशाची यंत्रणा आणि बँकेची मुख्य संगणक प्रणाली या दोन्ही एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. संदेश गेला तरी बँकेच्या वहीत त्याची नोंद आपोआप पडत नसे, ती माणसानं करायची होती. ती केली गेली नाही. जबाबदारी जगाला कळत होती, फक्त बँकेच्या स्वतःच्या ताळेबंदाला कळत नव्हती.

हे उघडकीला आलं ते कोणत्याही ऑडिटमधून नाही. संबंधित अधिकारी २०१७ मध्ये निवृत्त झाला होता. तो त्या जागेवर सात वर्षं होता, जिथे काही वर्षांनी बदली व्हायला हवी. जानेवारी २०१८ मध्ये नीरव मोदी यांच्या कंपन्यांची माणसं पुन्हा हमीपत्र मागायला आली, तेव्हा नव्या अधिकाऱ्यानं पूर्ण रकमेचं रोख तारण मागितलं. आजवर तर कधी मागितलं नव्हतं, असं उत्तर मिळालं. मग मागच्या नोंदी शोधल्या, तर त्या नव्हत्याच. फेब्रुवारीत बँकेनं शेअर बाजाराला सुमारे ११,४०० कोटींचा आकडा कळवला, आणि त्या मार्च तिमाहीत तिचा तोटा १३,४१७ कोटींचा निघाला.

या प्रकरणात मला राहून राहून जाणवतं ते हे. जुन्याच्या जागी नवा माणूस येऊन बसला आणि त्यानं एक साधा प्रश्न विचारला, एवढ्यानं सगळं उलगडलं. बदली हे नियंत्रण होतं. सक्तीची रजा हे नियंत्रण असतं. स्विफ्टवरून दिवसभरात गेलेले संदेश आणि मुख्य प्रणालीतल्या नोंदी संध्याकाळी जुळवणं हे नियंत्रण आहे, त्याला ना महागडं सॉफ्टवेअर लागतं ना सल्लागार. रिझर्व्ह बँकेनं स्विफ्टच्या गैरवापराबद्दल ऑगस्ट २०१६ पासून बँकांना गोपनीयरीत्या किमान तीनदा सावध केलं होतं, असं तिनंच नंतर सांगितलं. ३० एप्रिल २०१८ पर्यंत दोन्ही प्रणाली जोडा, असा आदेश निघाला तो नंतर. सरकारी बँकांच्या ऑडिटरांनी नियंत्रणांवर जाहीर मत द्यावं ही सक्ती २०२०-२१ या वर्षापासून आली. ब्रॅडी हाउस शाखेबद्दल २०१५ मध्ये कोणी जाहीरपणे लिहिलं असतं की 'स्विफ्ट आणि मुख्य प्रणाली जोडलेल्या नाहीत, रोजची जुळणी होत नाही', तर ते वाक्य एखाद्या पत्रकारानं वाचलं असतं, एखाद्या भागधारकानं सभेत विचारलं असतं. गोपनीय इशाऱ्याला उत्तर द्यायची घाई कोणालाच नसते.

आता प्रश्न येतो की जाहीर मत असलं तरी ते असतं कसं. कोणत्याही मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा आणि ऑडिटरच्या अहवालाचं दुसरं जोडपत्र शोधा. दोन-अडीच पानं आहेत. व्यवस्थापनाची जबाबदारी, ऑडिटरची जबाबदारी, अंतर्गत वित्तीय नियंत्रण म्हणजे काय, त्याच्या अंगभूत मर्यादा, आणि शेवटी एका वाक्यात मत. मग दुसऱ्या कंपनीचं उघडा. कंपनीचं नाव वगळता बहुतेक शब्द तेच आहेत. सिमेंटची कंपनी असो, औषधांची असो की वित्तसंस्था असो. त्यातल्या मर्यादांच्या परिच्छेदात एक ओळ ठरलेली असते, की संगनमत किंवा व्यवस्थापनानं नियंत्रणं डावलल्यामुळे चुका आणि फसवणूक होऊ शकते आणि ती लक्षात न येण्याची शक्यता आहे. म्हणजे खरा धोका वर बसलेल्यांकडून आहे हे आम्ही ऑडिटर दरवर्षी प्रत्येक कंपनीच्या अहवालात लिहितो. आणि या कंपनीत तो धोका किती आहे, वरच्यांना कोणते अधिकार आहेत, आम्ही त्याबाबत काय केलं, याचा एक शब्दही लिहीत नाही. आमच्या ऑडिटच्या मानकांप्रमाणे व्यवस्थापनाकडून नियंत्रणं डावलली जाण्याचा धोका प्रत्येक ऑडिटमध्ये मोठा धोका म्हणूनच धरायचा असतो. काम होतं, फाईलमध्ये राहतं.

ऑडिटर नेमकं लिहूच शकत नाही, असं कोणी म्हणेल तर त्याला ताजं उत्तर आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी असंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरायचं, ज्यात प्रत्येक बदलाची खूण राहते, कोणी केला, कधी केला, आणि ही खूण बंद करता येत नाही. ऑडिटरला थेट प्रश्न आहे, की ही सोय वर्षभर चालू होती का आणि तिच्याशी छेडछाड झाली का. त्या पहिल्याच वर्षाच्या अहवालांत अनेक नामांकित कंपन्यांच्या ऑडिटरांनी स्पष्ट लिहिलं की अमुक सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेसच्या पातळीवर थेट केलेल्या बदलांची खूण ठेवली जात नव्हती, किंवा अमुक तारखेपर्यंत ती सोय चालू नव्हती. डेटाबेसमध्ये थेट जाऊन आकडा बदलण्याचा अधिकार म्हणजे सत्यममधल्या त्या शेजारच्या दरवाजाचाच भाऊ. आणि हे एरवी साचेबंद लिहिणाऱ्या त्याच ऑडिटरांनी लिहिलं. कायद्यानं नेमका प्रश्न विचारला म्हणून नेमकं उत्तर आलं. तसंच, शेअर बाजारातल्या कंपन्यांच्या ऑडिटमध्ये सर्वाधिक महत्त्वाच्या ठरलेल्या बाबी कोणत्या आणि त्यांवर काय केलं, हे २०१८-१९ पासून ऑडिटरला कंपनीनिहाय लिहावं लागतं. ते लिहायला लागल्यापासून अहवालाचा तो भाग वाचण्यासारखा झाला आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नियंत्रणांच्या मताबरोबर ऑडिटरनं नेमक्या प्रश्नांची उत्तरं जाहीरपणे द्यावीत. प्रणालीतले सर्वोच्च अधिकार किती जणांकडे आहेत आणि त्यांत संचालक किंवा वित्तप्रमुख आहेत का? तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात हातानं घातलेल्या जर्नल एंट्र्या, म्हणजे थेट हिशेबात केलेल्या नोंदी, किती रकमेच्या होत्या आणि त्या कोणी मंजूर केल्या? बँकांचे दाखले सगळे थेट आले का, नसतील तर कोणते आले नाहीत? प्रवर्तकांच्या इतर कंपन्यांशी झालेले व्यवहार कोणी तपासले? वर्षभरात कोणतं महत्त्वाचं नियंत्रण किती काळ बंद होतं? यातली बहुतेक माहिती आम्ही आत्ताही गोळा करतो. नवं काम फार थोडं आहे.

उत्तर म्हणून मला सांगितलं जातं की त्यामुळे स्पर्धक कंपन्यांना आणि भामट्यांना आयती माहिती मिळेल. बंद असलेल्या दरवाजाची माहिती देऊन भामट्याचा फायदा होत नाही, आणि उघड्या दरवाजाची माहिती त्याला बहुधा आधीपासून असते, कारण तो आतलाच असतो. दुसरं म्हणतात, संगनमत झालं तर कुठलंही नियंत्रण टिकत नाही. खरं आहे. पण संगनमताला माणसं जोडावी लागतात आणि प्रत्येक जोडलेला माणूस हा एक धोका असतो. एकट्यानं करता येणारी फसवणूक चौघांनी मिळूनच करता येईल अशी करणं, हेही मोठं काम आहे. अमेरिकेत वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीचा घोटाळा बाहेर काढला तो कंपनीच्याच अंतर्गत ऑडिट विभागानं, सिंथिया कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वरिष्ठांना कळू न देता रात्री बसून नोंदी तपासत. खालचा माणूस बोलतो, पण त्याला कोणी विचारावं लागतं आणि त्याच्या मागे कोणी उभं राहावं लागतं.

महाराष्ट्रात राहून हे लिहिताना सहकारी बँका आणि पतसंस्था डोळ्यांआड करता येत नाहीत. आपल्याकडच्या असंख्य घरांची आयुष्यभराची पुंजी शेअर बाजारातल्या कंपन्यांत नसून तिथे असते. पतसंस्थेच्या पाटीवर आणि वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर ठळक लिहिलेलं असतं, 'ऑडिट वर्ग अ'. निवृत्त शिक्षक ते अक्षर वाचून ग्रॅच्युइटीची रक्कम ठेवतात. संचालकाच्या नातेवाइकाला कर्ज देताना कोणाची दुसरी सही लागते, कर्ज थकल्यावर ते नव्या कर्जानं फेडून ताजं दाखवता येतं का, हे त्या एका अक्षरातून कळत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि ठेवीदारांना सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते, तेव्हा समोर आलं की एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जं एकूण कर्जांच्या ७० टक्क्यांहून जास्त होती आणि ती झाकण्यासाठी वीस हजारांहून जास्त बनावट खाती दाखवली होती. माझ्या आईची एक मैत्रीण भांडुपच्या त्या शाखेबाहेर सकाळी सातला रांगेत उभी होती. तिनं मला विचारलं, 'अगं, ऑडिट तर दरवर्षी होतं ना?' मी तिला नीट उत्तर देऊ शकले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या तिजोरीतली १२२ कोटींची रोकड कमी असल्याचं उघड झालं, तेव्हा मला ती पुन्हा आठवली. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या दोन माणसांकडे असतात, हे बँकेत नोकरी केलेल्या कोणालाही माहीत आहे.

कंपन्यांसाठी मागितलेली हीच उत्तरं सहकारी बँका आणि मोठ्या पतसंस्थांकडूनही मागायला हवीत, मराठीत, आणि सभासदांच्या सर्वसाधारण सभेत ती मोठ्यानं वाचून दाखवायला हवीत.

कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. कंपनीच्या वार्षिक सभेला ऑडिटरनं किंवा त्याच्या प्रतिनिधीनं हजर राहायचं असतं, असं कलम १४६ सांगतं, आणि एक शेअर असलेल्यालाही सभेत बोलता येतं. मी गेल्या वर्षी दोन कंपन्यांच्या ऑनलाइन सभांमध्ये आधी नाव नोंदवून बोलले. एकीकडे विचारलं, की तिमाहीच्या अखेरीस हातानं केलेल्या जर्नल एंट्र्या तुम्ही कशा तपासता. अध्यक्षांनी सांगितलं, अहवालात सगळं आहे, आणि पुढच्या सभासदाचं नाव घेतलं. दुसरीकडे ऑडिट समितीच्या अध्यक्षांनी माइक घेतला, चार मिनिटं उत्तर दिलं, समिती त्या नोंदींची यादी दर तिमाहीला मागवते हे सांगितलं, आणि पुढच्या वर्षी हे अहवालात लिहिता येईल का ते बघू, असं म्हणाल्या. या सप्टेंबरच्या आत दोन्ही सभा पुन्हा आहेत. मी दोन्हीकडे नाव नोंदवलं आहे.